गावातील कलाकारांची ना-नफा सहकारी संस्था कशी नोंदवावी आणि भांडणाशिवाय कशी चालवावी?

नोंदणीचे थोडक्यात सांगतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 म्हटला की वेगवेगळ्या कुटुंबांतील किमान 10 सभासद, भागभांडवल आणि लाभांश हे सगळे आले. वस्तू विकून कारागिरांत उत्पन्न वाटायचे असेल तर तोच मार्ग योग्य. पण नाटके आणि प्रदर्शने करून शिल्लक संस्थेतच ठेवायची असेल, तर 7 सभासदांनिशी संस्था नोंदणी अधिनियम, 1860 खाली संस्था नोंदवा, पाठोपाठ धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी करा आणि 'एक सभासद, एक मत' हे सहकाराचे तत्त्व नियमावलीत घाला.

भांडणाविषयी मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आमच्या हौशी नाट्यसंस्थेचा खजिनदार म्हणून ते मी अंगावर घेतले आहे. सभासदांची वर्गणी आणि स्मरणिकेच्या जाहिराती यांतून आम्ही एक डिमर (दिव्यांचा प्रकाश कमी-जास्त करणारे यंत्र) आणि काही स्पॉट, म्हणजे रंगमंचावरचे दिवे, विकत घेतले, आणि जागा नसल्यामुळे हे सामान तत्कालीन संस्थापक-अध्यक्षांच्या गोदामात ठेवले. पुढच्याच लग्नसराईत आमचे स्पॉट एका मांडवात उभे दिसले. स्टँडच्या नळीवर संस्थेची आद्याक्षरे पिवळ्या ऑइलपेंटने घातलेली असल्यामुळे ओळखण्यात गफलत होणे शक्यच नव्हते. भाड्याची पावती कोठेही फाडलेली नव्हती. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीच्या रंगीत तालमीला डिमर आला तेव्हा त्याचे दोन चॅनेल जळालेले होते, आणि रात्रीच्या प्रवेशातील निळा प्रकाश हळूहळू विझण्याऐवजी खटकन बंद होऊ लागला. मी कार्यकारी मंडळाच्या सभेत डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे संस्थेच्या टिकाऊ सामानाची नोंदवही, मागितले, तर अध्यक्षांचे उत्तर मिळाले, "घरच्या माणसांत पावत्या कसल्या मागता?" निम्म्या सभेने माना डोलावल्या, कारण ज्याने संस्था काढली त्याच्याकडे हिशेब मागणे हा आपल्याकडे उद्धटपणा समजला जातो. वर्गणी भरणारा घरचाच असेल तर हिशेब त्याला सर्वांत आधी मिळाला पाहिजे, हे माझे म्हणणे तेव्हाही होते आणि आजही आहे.

खरे नुकसान त्यानंतर झाले. निवडणुकीत अध्यक्ष बदलले, पण जुन्या अध्यक्षांनी इतिवृत्तावर सही करण्याची टाळाटाळ केली, त्यामुळे पदाधिकारी बदलल्याचा, धर्मादाय कार्यालयात 90 दिवसांत दाखल करायचा चेंज रिपोर्ट रखडला आणि शेड्यूल वनवर (न्यासाच्या नोंदीच्या उताऱ्यावर) जुनीच नावे असल्याचे सांगून बँकेने खात्यावरच्या सह्या बदलायला नकार दिला. त्या वर्षीच्या नेपथ्याचे लाकूड मी स्वतःच्या शब्दावर उधार आणले.

म्हणून तहहयात पद कोणालाही देऊ नका, संस्थापकाला तर मुळीच नको. सामान ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे नोंदवही ठेवू नका, सभासदाने बाहेर वापरले तरी भाडे घेऊन पावती फाडा, आणि निवडणुकीचे इतिवृत्त त्याच सभेत लिहून सर्वांच्या सह्या घेतल्याशिवाय चहा वाटू नका. नियमावली मात्र वकिलाला दाखवून घ्या. मी वकील नाही.

एवढेही नमूद केले पाहिजे की, त्या जुन्या अध्यक्षांनी गोदामाचे भाडे आमच्याकडून कधी घेतले नाही आणि त्यांच्याविना संस्था उभीच राहिली नसती. ते भाडे त्यांनी रीतसर मागितले असते, तर त्याचा ठराव मी स्वतः मांडला असता.