'प्रॉस्पेक्ट'ला होतकरू म्हणावं का?

एका वाचकांचा प्रश्न आहे: "कॅन्सस सिटी रॉयल्स या अमेरिकन बेसबॉल संघाचं प्रॉस्पेक्ट रँकिंग वर्षागणिक कसं बदलत गेलं, यावर मी मराठीत लिहितो आहे. प्रॉस्पेक्टला 'संभाव्य खेळाडू' म्हणू की 'उदयोन्मुख खेळाडू'? आणि पुढच्या वर्षीच्या यादीत कुणाचं नाव नसेल, तर तो 'घसरला' म्हणायचं का?"

प्रॉस्पेक्ट म्हणजे वरच्या पातळीवर अजून स्थिरावलेला नसलेला, पण पुढे नाव काढेल अशी आशा असलेला तरुण खेळाडू. मला विचाराल तर दोन्ही शब्द नकोत. 'संभाव्य' आपल्या क्रीडापानांवर आधीच कामाला जुंपलेला आहे. संघनिवडीच्या आधी संभाव्य खेळाडू जाहीर होतात, आणि निवड काही दिवसांवर आलेली असते. बेसबॉलमधला पोरगा अनेकदा सतरा-अठराव्या वर्षी करार करतो आणि पुढची काही वर्षं मायनर लीगच्या, म्हणजे खालच्या पातळीवरच्या स्पर्धांच्या, गावोगावच्या मैदानांवर काढतो. 'उदयोन्मुख'ची अडचण उलटी आहे. आयसीसीचा उदयोन्मुख क्रिकेटपटूचा पुरस्कार मिळतो तो आंतरराष्ट्रीय सामने खेळत असलेल्याला. बेसबॉलमध्ये मात्र मेजर लीग या सर्वोच्च स्पर्धेतले १३० ॲट-बॅट (फलंदाजीच्या हिशेबात धरल्या जाणाऱ्या पाळ्या) किंवा गोलंदाज म्हणून ५० इनिंग (एका सामन्यात एरवी नऊ असतात) ओलांडल्या, की खेळाडू प्रॉस्पेक्ट राहतच नाही. जिथे उदय सुरू होतो, तिथे त्याचं यादीतलं नाव संपतं.

म्हणून मी 'होतकरू' सुचवेन. त्यात 'होत' आहे, 'झालेला' नाही. हा शब्द 'गरीब व होतकरू विद्यार्थी' या जोडीत इतका अडकून पडलाय की ऐकल्याबरोबर शिष्यवृत्तीचा अर्ज डोळ्यांसमोर येतो, हे खरं. पण तो तिथून सोडवून घेण्याजोगा आहे. 'होतकरूंची क्रमवारी' दोन-तीनदा वाचलं की कानाला सरावतं.

दुसरा शब्द मला याहून प्रिय आहे: उमेदवारी. आज तो निवडणुकीने गिळलाय. पण जुन्या वकिलांना अजून विचारा, ते सांगतील, "मी अमक्यांकडे तीन वर्षं उमेदवारी केली." म्हणजे उमेद, आशा धरून, कमी पैशांत, शिकत केलेलं काम. मायनर लीगचं याहून नेमकं वर्णन मला तरी सुचत नाही. प्रॉस्पेक्ट मेजर लीगमध्ये स्थिरावला की तिकडे 'ग्रॅज्युएट झाला' म्हणतात. आपण म्हणावं, 'उमेदवारी संपली'.

'रँकिंग'ला मात्र 'मानांकन' नको, ते टेनिसकडे राहू द्या. इथे दोन वेगळी कामं आहेत आणि मराठीत दोन्हींना शब्द तयार आहेत. स्काउट, म्हणजे संघांसाठी खेळाडू हेरणारे, एकेका खेळाडूची फटकेबाजी, ताकद, धाव, फेक यांना २० ते ८० या पट्टीवर गुण देतात, ५० म्हणजे सरासरी. कापसाची, द्राक्षांची करतात तशी ही प्रतवारी. त्यावरून एकाखाली एक नावं लावली, की ती क्रमवारी.

आता 'घसरला'. २०११ मध्ये 'बेसबॉल अमेरिका' या नियतकालिकाच्या पहिल्या १०० होतकरूंत एकट्या रॉयल्सचे ९ जण होते. एरिक होस्मर आठवा, माइक मुस्टाकस नववा, विल मायर्स दहावा. त्याच हंगामात होस्मर आणि मुस्टाकस मेजर लीगमध्ये खेळले आणि यादीतून गेले. त्यांची उमेदवारी संपली होती, त्यांना 'घसरले' म्हणणं साफ चूक. मायर्स २०१२च्या डिसेंबरात अदलाबदलीत टँपा बे संघाकडे गेला आणि पुढच्या वर्षी अमेरिकन लीगचा (मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एकाचा) सर्वोत्तम नवोदित ठरला. रॉयल्सच्या यादीतून तो 'गेला', एवढंच. अठराव्या क्रमांकावरच्या जॉन लँबच्या कोपरावर २०११मध्येच शस्त्रक्रिया झाली. त्याच्यासाठीही मी 'मागे पडला' म्हणेन, कारण 'घसरला'मध्ये खेळ बिघडल्याचा आरोप येतो. माणूस थांबला आणि बाकीचे पुढे गेले, तरी क्रमांक बदलतोच.

क्रमवारी आशेची असते, कर्तृत्वाची नव्हे, हे लेखात कुठेतरी दिसू द्या. २०१५च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेचा, पाचवा सामना घ्या. नवव्या इनिंगमध्ये रॉयल्स न्यूयॉर्क मेट्सच्या एका धावेने मागे. मुस्टाकस बाद झाला, पण त्याच्या फटक्याने होस्मर तिसऱ्या बेसवर पोचला. पुढचा फटका जमिनीवरून तिसऱ्या बेसकडे गेला, चेंडू पहिल्या बेसकडे फेकला जाताच होस्मर जिवाच्या आकांताने घरच्या बेसकडे (तिथे पोचलं की धाव) धावला, तिकडून आलेली फेक चुकली आणि बरोबरी झाली. रॉयल्सनी सामना आणि मालिका जिंकली. तो फटका मारणारा साल्वाडोर पेरेझ मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि २०११च्या त्या ९ नावांत तो नव्हता.

मागे पडलेला लँबही शेवटी संघाच्या कामी आला. २०१५च्या जुलैत रॉयल्सनी ज्या तिघांना देऊन जॉनी क्वेटो या गोलंदाजाला सिनसिनाटीहून आणलं, त्यांत लँब होता. त्याच क्वेटोने त्या मालिकेचा दुसरा सामना एकहाती पूर्ण टाकून जिंकून दिला. लँबबद्दल लिहाल, तेव्हा 'यादीतून गळाला' असंही लिहू नका.