खेळण्यातली सिगार आणि आजोबांची पन्नी

लेकराला खोटी सिगरेट, बिअरचा खोटा मग, लायटर असं काही खेळायला दिलं, तर पुढे त्याला तीच सवय लागेल का? हा प्रश्न आई-वडील मला बरेचदा विचारतात. कधी तो खेळण्यातल्या मोबाईलबद्दल असतो, कधी मेकअपच्या डब्याबद्दल, पण धास्ती तीच. नागपूरच्या मानेवाडा भागातल्या एका आईचा अनुभव इथे सांगते. तिला विचारूनच लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तिचा मुलगा सोळा महिन्यांचा. पहिल्या वाढदिवसाला मामाने ‘पार्टी सेट’ आणला होता: प्लास्टिकचा फेसाळ मग, जाडजूड सिगार आणि दाबला की लाल उजेड पडणारा लायटर. मामाने सिगार बाळाच्या तोंडात दिली, रील काढली, सगळं घर हसलं. तेव्हापासून पाहुणा आला की बाळाकडून ते करून घ्यायचं, असा रिवाजच पडला. “सगळे हसून राहिले, मॅडम, अन् मला पोटात गोळा येते,” ती म्हणाली. नवऱ्याचं म्हणणं, “खेळणंच आहे ना ते, काहून एवढं टेन्शन घेते?”

तो सेट तिने पिशवीत घालून आणला होता. मी तो सतरंजीवर मांडला, सोबत वाटी-चमचा, कापडी बाहुली आणि बिस्किटाच्या पुड्याचं रिकामं प्लास्टिक ठेवलं. बाळाने सिगार उचलली, चावून पाहिली आणि टाकून दिली. बिअरचा मग उलटा करून जमिनीवर आपटला. मग ते प्लास्टिक त्याच्या हाती लागलं. दोन्ही तळहातांत धरून तो चोळायला लागला. थांबला, एका हाताने थोपटलं, परत चोळलं. आणि बोटांची चिमूट करून खालच्या ओठापाशी नेली.

आईचा चेहरा उतरला. नागपूरकरांना पुढचं सांगायची गरज नाही. बाहेरच्यांसाठी सांगते: सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटतात, तो आमच्याकडचा खर्रा. पानठेल्या-पानठेल्यावर मिळतो. या घरात तो आजोबा खायचे, रोज संध्याकाळी, नातवाला मांडीवर घेऊन.

त्या पन्नीचं खेळणं बाळाला कुणी आणून दिलेलं नव्हतं. या वयाची मुलं डोळ्यांनी पाहिलेलं मनात ठेवतात आणि नंतर, ते माणूस समोर नसतानाही, करून दाखवतात. अँड्र्यू मेल्टझॉफ या मानसशास्त्रज्ञाने १९८८ मध्ये चौदा महिन्यांच्या बाळांसमोर काही अनोळखी कृती करून दाखवल्या. त्यांतली एक होती कपाळ टेकवून पेटीचा दिवा लावायची. बाळांना त्या वेळी वस्तूला हातही लावू दिला नव्हता. आठवडाभराने तीच पेटी समोर आल्यावर बऱ्याच बाळांनी कपाळ टेकवलं. मग रोज संध्याकाळी, सगळ्यात लाडक्या माणसाच्या मांडीवर बसून पाहिलेलं बाळ कसं विसरेल?

अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मी पालकांना नेहमी सांगते. दोन ते सहा वर्षांच्या १२० मुलांना बाहुल्यांच्या खेळात खोट्या दुकानातून ‘मोठ्या माणसासारखी’ खरेदी करायला सांगितली. २८ टक्के मुलांनी सिगरेट घेतली, ६२ टक्क्यांनी दारू. ज्यांचे आई-वडील सिगरेट ओढत होते, त्या मुलांनी सिगरेट घेण्याचं प्रमाण जवळपास चौपट होतं. दुकान सगळ्यांना सारखंच होतं, फरक घरात होता.

मग सिगारचं खेळणं चालेल का? माझं स्पष्ट मत आहे, नको. एका खेळण्याने मूल व्यसनी होत नाही, ही भीती आईने मनातून काढून टाकावी. पण सोळा महिन्यांच्या बाळाला सिगार म्हणजे काय हे कळत नसलं, तरी ती तोंडात धरली की सगळं घर टाळ्या वाजवतं, हे त्याला पक्कं कळतं. टाळी मिळाली की ते पुन्हा करतं. अशी खेळणी बाळाच्या नव्हे, मोठ्यांच्या करमणुकीसाठी असतात, आणि बाळाला त्यात नटवलं जातं. मला ते मनापासून खटकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण करारातही तंबाखूच्या वस्तूंसारखी दिसणारी खेळणी आणि गोळ्या-चॉकलेटं बंद करावीत असं म्हटलं आहे. भारताने तो करार २००४ मध्ये मान्य केला.

त्या सेटमधला तातडीचा धोका वेगळाच निघाला. लायटरमध्ये बटणाएवढा सेल होता आणि त्याचं झाकण नखाने उघडत होतं. असा सेल गिळला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. तो लायटर मी परत पिशवीत जाऊच दिला नाही. लेकरासाठी खेळणं घेताना आयएसआय चिन्ह पाहा, १ जानेवारी २०२१ पासून ते सक्तीचं आहे. सेलच्या झाकणाला स्क्रू आहे का, तेही पाहा.

मोठ्यांची नक्कल वाईट नाही. आपल्या तान्हा पोळ्यात लहान मुलं लाकडी बैल सजवून मिरवतात, ती शेतकऱ्याची नक्कलच आहे. १८०६ मध्ये दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी ही प्रथा सुरू केली असं सांगतात. पोळपाट-लाटणं, झाडू, डॉक्टरची पेटी, सगळं द्या. दीड वर्षाच्या आसपास मूल रिकाम्या कपातून चहा प्यायला लागतं, बाहुलीला भरवायला लागतं. तिथूनच भाषा आणि विचार वाढतात.

पुढच्या वेळी मी आजोबांना बोलावलं. ते आधीच बचावात बोलायला लागले. “मी त्याले कधी चाखवला नाही, मॅडम. पोट्टं हुशार आहे, एकदा पाह्यलं का करते.” आवाजात कौतुकही होतं. “काका, हुशार आहे म्हणूनच बोलावलं,” मी म्हणाले. पन्नी कुठे ठेवता, विचारलं. खुंटीवरच्या सदऱ्यात, कधी उशीखाली. मग मी सांगितलं, चालायला लागलेल्या बाळाच्या तोंडात थोडा खर्रा गेला तरी उलट्या, सुस्ती, झटकेसुद्धा येऊ शकतात. सुपारीचा तुकडा श्वासनलिकेत अडकू शकतो. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “हे माह्या ध्यानातच नाही आलं.”

खर्रा सोडा असं मी म्हटलं नाही. पहिल्याच भेटीत तसं म्हटलं की माणूस दुसऱ्यांदा येत नाही. घरात आणायचा नाही, बाळासमोर घोटायचा नाही, हात-तोंड धुऊनच त्याला घ्यायचं, एवढं ठरलं. सोडायचा विचार आला तर म्हणून राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनचा १८००-११-२३५६ हा नंबर कागदावर लिहून दिला. तो त्यांनी घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवला. संध्याकाळची मांडी मात्र मोडायची नव्हती, म्हणून त्या वेळी कणकेचा गोळा आणि छोटं लाटणं द्यायला सांगितलं. बाळ अजून अधूनमधून प्लास्टिक चोळतं, पण आता कुणी हसत नाही, रागावतही नाही, दुसरं काही हातात देतात. रागावलं तर तीही गंमतच वाटते त्याला.

मामाशी आई स्वतः बोलली. “तू हौसेनं आणलं, पण ती रील काढून टाक, अन् पुढच्या वेळी बैलजोडी आण,” असं. तो थोडा रुसला, पण रील काढून टाकली.

जाताना तिने विचारलं, मग खेळण्यातला मोबाईल? तो द्यायला हरकत नाही. त्यावर मूल आजीशी खोटं खोटं बोलतं, ते चांगलंच आहे. खऱ्या पडद्याची गोष्ट वेगळी, दोन वर्षांच्या आत तो नकोच. आणि घरातला बंद पडलेला जुना मोबाईल खेळायला देऊ नका, त्यात बॅटरी असते.