वाचकांच्या शंका: नवा गेम टाकण्याआधी संगणकाची तयारी

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयावर आहेत. नवा गेम घ्यायचा आहे, संगणक घरचाच आणि थोडा जुना आहे, तर त्याची तयारी कशी करावी? म्हणून हा सबंध अंक या एका विषयाला देत आहोत.

प्रश्न: मुलीची परीक्षा संपल्यावर तिला एक नवा गेम घेऊन देण्याचे मी कबूल केले आहे. आमचा संगणक सहा-सात वर्षांपूर्वीचा आहे. गेमच्या माहितीत ‘किमान’ आणि ‘शिफारस केलेली’ अशा दोन याद्या असतात. आमचा संगणक त्यात कुठे बसतो, हे मला तांत्रिक ज्ञान नसताना कसे कळेल?

उत्तर: पैसे भरण्यापूर्वी हा प्रश्न विचारलात, हे फार चांगले केलेत. बहुतेक पत्रे खरेदी झाल्यानंतर येतात.

आधी आपल्या संगणकात काय आहे ते पाहू. विंडोजचे चिन्ह असलेली कळ आणि ‘आर’ ही कळ एकत्र दाबा. उघडलेल्या लहानशा चौकटीत डी, एक्स, डी, आय, ए, जी ही सहा इंग्रजी अक्षरे सलग लिहा आणि एंटर दाबा. जी खिडकी उघडेल तिच्या पहिल्या पानावर प्रोसेसरचे नाव, रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) आणि विंडोजची आवृत्ती दिसते, तर ‘डिस्प्ले’ या पानावर ग्राफिक्स कार्डाचे, म्हणजे पडद्यावरचे चित्र तयार करणाऱ्या भागाचे, नाव आणि त्याची स्वतःची मेमरी दिसते. हे सारे एका कागदावर उतरवून घ्या आणि शेजारी गेमच्या दोन्ही याद्या लिहा. हे काम पाच मिनिटांचे आहे, पण पुढचा प्रत्येक निर्णय याच कागदावरून घ्यायचा आहे.

आता यादी वाचताना फसगत होण्याच्या दोन जागा सांगतो. पहिली जागा ग्राफिक्स कार्डाच्या आकड्याची आहे. मोठा आकडा म्हणजे चांगले कार्ड असे अनेकांना वाटते, परंतु एनव्हिडिया या कंपनीच्या कार्डांत पहिले दोन अंक पिढी सांगतात आणि शेवटचे दोन अंक दर्जा. त्यामुळे २०१६ साली आलेले जीटीएक्स १०८० हे कार्ड २०१९ साली आलेल्या जीटीएक्स १६५० पेक्षा आजही कितीतरी वेगवान आहे. शिवाय त्याच नावाचे कार्ड लॅपटॉपमध्ये असेल, तर त्याला वीज कमी मिळत असल्याने ते सहसा टेबलावरच्या संगणकातील कार्डापेक्षा मंद चालते. दुसरी जागा डायरेक्टएक्सची, म्हणजे गेम आणि ग्राफिक्स कार्ड यांना जोडणाऱ्या विंडोजमधल्या सोयीची. पहिल्या पानावर ‘डायरेक्टएक्स १२’ असे लिहिलेले दिसले की लोक निश्चिंत होतात, पण तो आकडा विंडोजचा असतो, कार्डाचा नव्हे. कार्डाची खरी कुवत ‘डिस्प्ले’ पानावरच्या ‘फीचर लेव्हल्स’ या ओळीत लिहिलेली असते. गेमला लेव्हल १२ हवी असेल आणि तुमच्या ओळीत सर्वांत वरचा आकडा ११ असेल, तर तो गेम सुरूच होणार नाही. त्यावर कोणत्याही सेटिंगचा उपाय नाही.

‘किमान’ या शब्दाचा अर्थ शब्दशः घ्यावा. गेम उघडेल आणि चित्राचा दर्जा सर्वांत खाली ठेवून खेळता येईल, एवढाच त्याचा अर्थ आहे. बरेच निर्माते हा हिशेब सेकंदाला ३० चौकटी (फ्रेम, म्हणजे पडद्यावर बदलणारी चित्रे) धरून मांडतात, आणि पडद्यावर गर्दी झाली की तेवढ्याही मिळत नाहीत. तुमचा संगणक किमान यादीला जेमतेम टेकत असेल तर मुलीला आधीच तसे सांगावे, किंवा त्या गेमचा मोफत डेमो असेल तर तो चालवून पाहावा. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेला गेम खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांहून कमी खेळला गेला असेल, तर पैसे परत मागता येतात. तेव्हा गेम घेतल्यावर पहिल्याच दिवशी तासभर खेळून पाहणे शहाणपणाचे.

विंडोजची आवृत्तीही तपासा. स्टीमने १ जानेवारी २०२४ पासून विंडोज ७ आणि ८ यांना दिला जाणारा आधार बंद केला आहे, आणि मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली आहे.

प्रश्न: गेम ९० जीबीचा आहे आणि सी ड्राइव्हवर ९६ जीबी मोकळी आहे, तरी जागा अपुरी असल्याचा संदेश येतो. डिस्क एक टीबीची म्हणून घेतली होती, ती ९३१ जीबीच दाखवते. डिस्क सदोष आहे का? आणि जागा करण्यासाठी काय काय पुसता येईल?

उत्तर: डिस्क सदोष नाही. डिस्क बनवणारे एक टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट असे मोजतात, तर विंडोज तेच बाइट १०२४ ने तीनदा भागून जीबी दाखवते. तो भागाकार ९३१ च्या आसपास येतो. बाइट तेवढेच आहेत, मापे दोन आहेत.

जागा अपुरी पडते त्याचे कारण निराळे. गेम बहुधा दाबून लहान केलेल्या स्वरूपात उतरतो आणि डिस्कवर आल्यावर उलगडला जातो. त्या काळात दाबलेली आणि उलगडलेली अशी दोन्ही रूपे काही वेळ एकत्र नांदतात. पुढे दुरुस्त्या येतात तेव्हाही अनेकदा नवी फाइल जुनीच्या शेजारी तयार होते आणि मगच जुनी जाते. म्हणून लिहिलेल्या आकाराच्या सव्वा ते दीडपट जागा मोकळी ठेवावी, आणि सी ड्राइव्ह असेल तर विंडोजच्या स्वतःच्या कामासाठी त्याहून थोडी अधिक.

पुसण्याआधी प्रती काढा. हे मी अनुभवाने सांगतो आहे. काही वर्षांपूर्वी एका रात्री घाईने जागा करताना मी ‘नवीन फोल्डर २’ नावाचे एक फोल्डर कायमचे पुसले. दोन दिवसांनी लक्षात आले की फोनमधून उतरवलेले घरच्या दोन वर्षांचे फोटो त्यातच होते. त्यांतले थोडे नातेवाइकांकडून परत मिळाले, बाकीचे गेले. तेव्हापासून फोटो, कागदपत्रे आणि जुन्या गेममधली प्रगती बाहेरच्या डिस्कवर उतरवून, त्या प्रतींतल्या तीन-चार फाइली उघडून पाहिल्याखेरीज मी काहीही पुसत नाही. गेममधली प्रगती बऱ्याचदा गेमच्या फोल्डरात नसून ‘डॉक्युमेंट्स’ किंवा लपवलेल्या ‘ॲपडेटा’ फोल्डरात असते, तिथेही पाहावे.

त्यानंतर ‘सेटिंग्ज’मध्ये ‘सिस्टम’ आणि तिथे ‘स्टोरेज’ उघडा. कशाने किती जागा व्यापली आहे, ते पट्ट्यांच्या रूपात दिसेल. ‘टेम्पररी फाइल्स’ बहुतेक निर्धास्तपणे पुसता येतात, पण त्या यादीतच ‘डाउनलोड्स’ अशीही एक ओळ असते. ती तुमच्या स्वतःच्या डाउनलोड फोल्डराची आहे. सगळ्या चौकटींवर एकदम खूण करणारे इथेच आपली पावत्यांची आणि अर्जांची कागदपत्रे गमावतात. मागच्या विंडोजच्या फाइली उरल्या असतील आणि संगणक नीट चालत असेल, तर त्या काढल्याने बरीच जागा सुटते. न खेळले जाणारे गेम यादीतून रीतसर अनइन्स्टॉल करा, नुसते फोल्डर पुसू नका. ‘विनएसएक्सएस’ या फोल्डरात विंडोजचे स्वतःचे भाग असतात, त्याला हात लावू नका. कार्यक्रमांच्या यादीत ‘व्हिज्युअल सी प्लस प्लस’ हे नाव वेगवेगळ्या वर्षांसह आठ-दहा वेळा दिसते. ती पुनरावृत्ती वाटली तरी प्रत्येक नोंदीवर कोणता ना कोणता गेम अवलंबून असू शकतो, म्हणून ती तशीच राहू द्या.

प्रश्न: गेम हार्ड डिस्कवर टाकावा की एसएसडीवर?

उत्तर: एसएसडीवर. एसएसडी म्हणजे फिरती तबकडी नसलेली, चिपवर माहिती साठवणारी डिस्क. हार्ड डिस्कमध्ये वाचणारे टोक फिरत्या तबकडीवर इकडून तिकडे सरकावे लागते, आणि गेमच्या फाइली विखुरलेल्या असल्याने हे सरकणे सतत चालू राहते. त्यामुळे पुढचा परिसर वेळेवर येत नाही आणि खेळ अडखळतो. अलीकडच्या कित्येक मोठ्या गेमच्या किमान यादीतच एसएसडी लिहिलेली असते. एसएसडी लहान असेल तर फोटो आणि चित्रपट हार्ड डिस्कवर हलवून तिच्यात विंडोज आणि गेम ठेवावेत.

प्रश्न: ड्रायव्हर अद्ययावत करण्यासाठी एका मित्राने एक मोफत सॉफ्टवेअर सुचवले आहे. दुसऱ्याने गेमची फुकट प्रत दिली आहे आणि ती टाकताना अँटिव्हायरस बंद ठेवायला सांगितले आहे. हे सल्ले योग्य आहेत का?

उत्तर: दोन्ही सल्ले मानू नका, अशी कळकळीची विनंती आहे.

ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि यंत्राचा एखादा भाग यांच्यातला दुभाषा. आपोआप सारे ड्रायव्हर बदलून देणारी सॉफ्टवेअरे पुष्कळदा चुकीचा दुभाषा आणून बसवतात आणि सोबत नको असलेली आणखी दोन-तीन सॉफ्टवेअरे घरात घेतात. याची गरजच नाही. प्रथम विंडोजचे अपडेट पूर्ण करून संगणक पुन्हा सुरू करावा. मग ‘रिस्टोअर पॉइंट’ तयार करावा, म्हणजे काही बिघडले तर मागे येता येते. नंतर एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेल यांपैकी ज्यांचे कार्ड असेल त्यांच्याच संकेतस्थळावरून ग्राफिक्स ड्रायव्हर उतरवून बसवावा. लॅपटॉप असल्यास आधी त्याच्या निर्मात्याचे संकेतस्थळ पाहावे. इथे एक साधी गोष्ट तपासण्यासारखी आहे. मॉनिटरची केबल संगणकाच्या मागे ग्राफिक्स कार्डालाच जोडलेली आहे ना? उभ्या कॅबिनेटमध्ये कार्डाची आडवी खोबणी बहुधा खालच्या बाजूला असते. केबल वरच्या, मदरबोर्डच्या खोबणीत राहिली, तर महागडे कार्ड जवळजवळ निष्क्रिय पडून राहते आणि दोष मात्र गेमला दिला जातो.

फुकट प्रतीबद्दल मला स्पष्टच लिहिले पाहिजे. कुलूप तोडलेल्या गेममधून पासवर्ड चोरणारी आणि तुमच्या कार्डावर गुपचूप आभासी चलन तयार करणारी सॉफ्टवेअरे पसरवली जातात, आणि ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ ही सूचना त्यांच्या वाटेतला राखणदार दूर करण्यासाठीच असते. ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात, त्यावर ही जोखीम घेऊ नये. अधिकृत दुकानातून घेतलेल्या गेमला अँटिव्हायरसने चुकून अडवले, तर केवळ त्या गेमच्या फोल्डराला सूट द्यावी आणि पहारा चालू ठेवावा.

ऑनलाइन स्पर्धेचे काही गेम फसवणूक रोखण्यासाठी ‘सिक्युअर बूट’ (संगणक सुरू होताना केवळ विश्वासार्ह सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू असण्याची अट घालतात. ते बायोसमधून, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंगमधून, बदलण्यापूर्वी डिस्कवर बिटलॉकर या विंडोजच्या सोयीचे कुलूप आहे का ते पाहा, आणि असल्यास त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. बदलानंतर संगणक ती की मागू शकतो, आणि ती हाताशी नसेल तर स्वतःच्याच फाइली उघडता येत नाहीत.

प्रश्न: जुना गेम खेळतानाच पंख्याचा आवाज वाढतो आणि पंधरा-वीस मिनिटांनी संगणक अचानक बंद पडतो. नवा गेम टाकला तर चालेल का?

उत्तर: आज टाकू नका. पूर्वसूचना न देता बंद पडणे हे बहुधा अति तापण्याचे किंवा वीजपुरवठा करणारा भाग कमी पडत असल्याचे लक्षण असते. प्रोसेसर तापला की प्रथम स्वतःचा वेग कमी करतो, आणि तरीही तापमान उतरले नाही तर स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतो.

धुळीपासून सुरुवात करा. मध्यंतरी माझ्या भाच्याच्या संगणकाची अशीच तक्रार होती. बाजूचे झाकण काढल्यावर आत फारशी धूळ दिसली नाही आणि आम्ही ते परत लावणारच होतो. पण प्रोसेसरवरचा पंखा चार स्क्रू काढून उचलला, तेव्हा खालच्या धातूच्या पात्यांवर राखाडी रंगाची, जाड घोंगडीसारखी धुळीची घडी बसलेली दिसली. ती कडेने धरून अखंड उचलता आली. पंखा पूर्ण वेगाने फिरत होता, पण वारा त्या घोंगडीच्या पलीकडे जातच नव्हता.

स्वच्छता करताना वीज बंद करून वायर काढावी, मग सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे, आणि आत हात घालण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज नाजूक भागांत उतरत नाही. हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. ते वाऱ्याने भरधाव फिरले तर त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते. लॅपटॉप असेल आणि उघडण्याची सवय नसेल, तर ते काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. गादीवर लॅपटॉप ठेवून खेळू नये, कारण खालची हवा घेण्याची भोके बुजतात. शिवाय चार्जर लावूनच खेळावे.

त्यानंतर जुनाच गेम अर्धा तास चालवून पाहा. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असेल तर टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ पानावर त्याचे तापमान दिसते. आता संगणक टिकला तर नवा गेम टाका. स्वच्छतेनंतरही तो बंद पडत असेल, तर वीजपुरवठ्याचा भाग तपासून घ्यावा.

प्रश्न: आमचे इंटरनेट ४० एमबीपीएसचे आहे. ९० जीबीचा गेम उतरायला किती वेळ लागेल?

उत्तर: पूर्ण वेग मिळाला तर पाच तास. एमबीपीएस हे माप बिटचे आणि जीबी हे बाइटचे. एका बाइटमध्ये आठ बिट असतात, म्हणून ४० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला केवळ ५ एमबी. वायफायऐवजी केबल जोडता आली तर उत्तम. संगणक आपोआप झोपी जाण्याची सोय तेवढ्या वेळापुरती बंद ठेवा, नाही तर सकाळी उठून पाहाल तेव्हा डाउनलोड मध्येच थांबलेले आढळेल.

गेम पहिल्यांदा उघडल्यावर ‘शेडर्स तयार होत आहेत’ अशा अर्थाची पट्टी काही वेळ हळूहळू सरकताना दिसेल. शेडर्स म्हणजे चित्र रेखाटण्याचे छोटे प्रोग्राम. ते तेव्हा तुमच्या कार्डासाठी तयार होत असतात आणि जुन्या प्रोसेसरवर त्याला बराच वेळ लागू शकतो. संगणक अडकला असे समजून गेम मध्येच बंद करू नका, ती पट्टी पूर्ण होऊ द्या.