टीडीएस ६२० म्हणजे पाणी खराब का?

प्रश्न: ताई, आम्ही उंड्रीला राहतो, सोसायटीत टँकर आणि बोअरचं पाणी एकाच टाकीत पडतं. नळांवर पांढरा थर बसतो, केस राठ झालेत, तूरडाळ शिजता शिजत नाही. शेजारच्या काकांनी टीडीएस मीटर बुडवला तर ६२० आलं, म्हणाले हे पिऊच नका, आरओ घ्या. घरच्या घरी नीट कसं तपासायचं?
— एक वाचक

उत्तर: आधी त्या मीटरचं बघू, कारण पुण्यात निम्मी भांडणं त्याच्यावरूनच होतात. तो पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो, बस्स. त्यातलं कॅल्शियम किती, साधं मीठ किती हे त्याला कळत नाही आणि जंतू तर नाहीच नाही, म्हणजे ड्रेनेज मिसळलेलं पाणीसुद्धा १५० दाखवू शकतं. आपल्या आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकात टीडीएस (म्हणजे हेच विरघळलेले क्षार) लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला धरलाय आणि दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात, त्यामुळे ६२० ला लगेच घाबरायचं कारण नाही.

तुमचा त्रास हार्डनेसचा, म्हणजे पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचा दिसतोय. डाळीने सांगितलंच आहे, पण आकडा हवा असेल तर थेंबांचं हार्डनेस किट आणा (फिश टँकच्या दुकानातही मिळतं). ठरलेल्या मापाचं पाणी घ्यायचं, किटमध्ये लिहिलंय तसं एकेक थेंब टाकत हलवायचं आणि रंग बदलेपर्यंत थेंब मोजायचे, बऱ्याच किटमध्ये लालसर पाणी निळं होतं. थेंबांवरून हार्डनेसचा आकडा कसा काढायचा ते किटमध्ये दिलेलं असतं; लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत छान, ६०० ही शेवटची हद्द. किट नसेल तर बाटलीत पाणी आणि खऱ्या साबणाचा कीस घालून हलवा, फेसाऐवजी चोथा आला की समजा हार्ड आहे. लिक्विड सोप किंवा डिटर्जंट नको, त्यांचा फेस हार्ड पाण्यातही होतो आणि तुम्ही फसता.

आणि टाकीतलं मिसळलेलं पाणी तपासून काय कळणार? बोअरचं वेगळं, टँकरचं वेगळं, असं घ्या. खडकवासल्याचं धरणाचं पाणी मुळात हलकं, बोअरचं खडकात मुरून क्षार घेऊन येतं, आणि टँकरवाला कुठून भरतो ते विचारायलाच हवं. उद्या सोसायटीने सॉफ्टनर बसवला तर हार्डनेस उतरेल पण काकांचा मीटर जवळपास तेवढंच दाखवेल, कारण सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्याजागी सोडियम सोडतो. तेव्हा पैसे वाया गेले म्हणून मीटिंगमध्ये ओरडू नका!

मला खरी काळजी जंतूंची वाटते. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोड, किरकटवाडी भागात जीबीएसचे (गुइलेन-बॅरे सिंड्रोम, नसांचा आजार) पेशंट निघाले तेव्हा संशय दूषित पाण्यावर होता, क्षारांवर नाही. म्हणून जंतू मारणारा क्लोरीन पाण्यात उरलाय का ते बघायचं किटही ठेवा, थेंब टाकल्यावर पिवळा रंग यायला हवा, लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम तरी. पाणी टाकीत पडून राहिलं की क्लोरीन उडून जातो, त्यामुळे टाकी भरताना आणि नळाला असं दोन्हीकडे बघा. शिवाय जंतू तपासायची एचटूएसची बाटली मिळते, खुणेपर्यंत पाणी भरून एक-दोन दिवस ठेवायची, काळी पडली तर ते पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका आणि लॅबला सँपल द्या. सँपलसाठी निर्जंतुक बाटली लॅबमधूनच आणायची, कोल्ड्रिंकची धुतलेली बाटली चालत नाही, आणि भरल्यावर बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची.