सांध्याच्या ल्युअरमध्ये वजन किती आणि कुठे भरावे

नमस्कार. आपला प्रश्न असा आहे की न्यू जर्सीत बार्नेगाट इनलेटच्या (खाडीच्या समुद्राकडच्या तोंडाच्या) आसपास स्ट्राइप्ड बास, म्हणजे स्ट्रायपर, या माशासाठी आपण वापरत असलेले सात इंची, मधोमध सांधा असलेले प्लास्टिकचे तरंगते ल्युअर (माशासारखे खोटे आमिष) समोरच्या वाऱ्यात लांब जात नाही आणि फुटत्या लाटेत पोहण्याऐवजी नुसते लोळते. मग त्यात शिशाचे छरे भरावेत का, किती, आणि कुठे? माझे उत्तर असे की अवश्य भरावेत, पण पुढच्या तुकड्यात, अगदी पोटाच्या तळाशी, आणि सुरुवातीला वाटते त्याहून कमी. मागच्या तुकड्याला शक्यतो हात लावू नये.

याचे कारण ल्युअरच्या चालीत आहे. ओढताना तोंडाखालच्या पट्टीवर, म्हणजे लिपवर, पाणी आदळते, त्यामुळे पुढचा तुकडा डावी-उजवीकडे झोके घेतो, आणि मागचा तुकडा त्याच्या पाठोपाठ किंचित उशिराने वळतो. रील अगदी सावकाश फिरवली तरी ही चाल टिकते, आणि एकसंध ल्युअरऐवजी सांध्याचे ल्युअर विकत घेण्याचे तेच मुख्य कारण आहे, कारण रात्री स्ट्रायपर डोळ्यांइतकाच अंगावरच्या पार्श्वरेषेने पाण्याची हालचाल टिपत शिकार करतो. मागचा तुकडा जड केला की त्याला वळायला जास्त जोर लागतो, तो ओढल्यासारखा सरळ मागे येऊ लागतो, आणि सांधा असून नसल्यासारखा होतो. शेपटाकडचे वजन फेकीला मदत करते हे खरे आहे आणि बरेच जण त्या मोहाने तिथेच छरे भरतात. पण दहा-पंधरा फूट जास्त फेक मिळवण्यासाठी ल्युअरची चाल घालवणे मला मुळीच पटत नाही.

ड्रिल हातात घेण्याआधी गळ बदला, कारण गळ हेही वजनच आहे. कारखान्यातून येणारे तीन काट्यांचे गळ बहुधा पातळ असतात आणि मोठा मासा ते सरळ करतो. त्यांच्या जागी जाड तारेचे, चार एक्स म्हणून मिळणारे गळ आणि मजबूत स्प्लिट रिंग (गळ अडकवायच्या दुपदरी कड्या) लावल्या की ल्युअर काही ग्रॅमने जड होते आणि हे वजन पोटाखाली असल्याने स्थैर्यही वाढते. पोटाला तीन काट्यांचा एकच गळ आणि शेपटाला एकेरी गळ, ही मांडणी मला सर्वांत योग्य वाटते. सांध्यात दुमडताना पोटाचा आणि शेपटाचा गळ एकमेकांत अडकू नयेत एवढे अंतर राहते, शेपूट हलके राहते, आणि मासा सोडणे सोपे जाते. अटलांटिक किनाऱ्यावर 2023 पासून 28 ते 31 इंचांच्या दरम्यानचाच स्ट्रायपर ठेवता येतो, तोही दिवसाला एकच, त्यामुळे आपण पकडलेले बहुतेक मासे परत पाण्यात जाणार आहेत. म्हणून गळांचे उलटे काटे पकडीने दाबून टाकावेत, ही माझी कळकळीची विनंती आहे. शेपटाच्या गळावर हरणाच्या शेपटीचे केस बांधायचे असतील तर विरळ बांधा. दाट केस पाण्याला अडवतात आणि मागच्या तुकड्याचा झोका मारतात.

आता मोजमाप. ते घरच्या नळाच्या पाण्यात करू नये. समुद्राच्या पाण्याची घनता साधारण 1.025 असते, म्हणजे 80 घन सेंटिमीटर पाणी बाजूला सारणाऱ्या ल्युअरला समुद्रात नळाच्या पाण्यापेक्षा 2 ग्रॅम जास्त उचल मिळते. घरातल्या बादलीत हळूच बुडणारे ल्युअर किनाऱ्यावर सरळ तरंगू लागते ते यामुळेच. किनाऱ्यावरून पाणी आणणे उत्तम. ते शक्य नसेल तर एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम मीठ विरघळवा. मग गळ, रिंग आणि लाइनला ल्युअर जोडायला आपण वापरता ती क्लिप असे सगळे लावलेले ल्युअर त्यात सोडा आणि पुढच्या तुकड्याच्या पोटाला, पोटाच्या गळाच्या थोडे पुढे, शिशाची तार रबरबँडने थोडी थोडी बांधत जा. ल्युअर आडवे राहिले पाहिजे, नाक किंचित खाली झुकलेले असावे, आणि बोटाने खाली दाबून सोडले की ते सावकाश वर यावे. त्या टप्प्यावर थांबा, तार काढून ग्रॅममध्ये वजन करा. बाहेर बांधलेले शिसे स्वतःही थोडे पाणी सारते, त्यामुळे त्याचा प्रभाव सुमारे नऊ टक्क्यांनी कमी पडतो. पोकळीत तेच काम करायला तेवढे कमी शिसे पुरते. वरून ओतले जाणारे इपॉक्सी (दोन भाग मिसळल्यावर घट्ट होणारा डिंक) आणि भोक बुजवणारा थरही वजनात धरायचा असतो, म्हणून मी या आकड्यातून आणखी थोडे कमी करूनच भरतो.

भरण्याची कृती अवघड नाही, फक्त सावकाश करायची आहे. सांध्याच्या ल्युअरमध्ये दोन्ही तुकड्यांची पोकळी वेगळी असते, तेव्हा पुढच्याच तुकड्याच्या पाठीवर, मधल्या रेषेवर, साधारण 3 मिलिमीटरचे भोक पाडा. त्यातून छरे आत टाका, ल्युअर पोट खाली करून समतल ठेवा, आणि छरे जेमतेम बुडतील एवढे सावकाश घट्ट होणारे इपॉक्सी सिरिंजने सोडा. पाच मिनिटांत घट्ट होणारे इपॉक्सी एकदम जास्त ओतले तर इतके तापते की प्लास्टिक वाकू शकते. छरे मोकळे ठेवू नका, कारण फेकताना ते एका टोकाला जातात आणि ओढताना तिथेच राहिले तर ल्युअर तिरके पोहते. भोक बुजवून ते पूर्ण वाळल्यावर ल्युअर कोमट पाण्यात बुडवा; आतली हवा प्रसरण पावते, आणि कुठे गळती असेल तर तिथून बुडबुडे निघतात. शिसे हाताळताना हातमोजे घाला आणि हे काम स्वयंपाकघरात करू नका.

छऱ्यांऐवजी पाणी भरण्याची पद्धत आपण ऐकली असेल. कॉटन कॉर्डेल कंपनीच्या रेड फिन या एकसंध ल्युअरमध्ये किनाऱ्यावरचे अनेक जण सिरिंजने पाणी भरतात, आणि तिथे ते खरोखर चांगले चालते, कारण लांब पोकळीतले पाणी फेकताना शेपटाकडे धावते आणि ओढताना पुन्हा पसरते. सांध्याच्या ल्युअरमध्ये पोकळी आखूड असल्याने हा फायदा फारसा मिळत नाही. शिवाय पाणी जागा फार घेते: एका घन सेंटिमीटरमध्ये पाणी 1 ग्रॅम मावते, तर शिसे 11 ग्रॅमहून अधिक. तेवढेच वजन तळाशी एकवटण्याऐवजी सगळ्या तुकड्यात पसरते, आणि लाटेत ल्युअरची पाठ वर ठेवणारी खालची ओढ मिळत नाही.

लाकडी ल्युअर असेल, म्हणजे इंडियानातल्या गॅरेट गावच्या क्रीक चब कंपनीच्या जुन्या जॉइंटेड पायकीसारखे, तर पोटात खालून भोक पाडून शिशाची कांडी बसवावी आणि उघडे पडलेले लाकूड आधी पातळ इपॉक्सीने मुरवून घ्यावे. नाहीतर पाणी आत शिरून लाकूड फुगते. धातूची लिप असलेल्या अशा ल्युअरमध्ये आणखी एक सोय आहे. लाइन बांधायची कडी किंचित वर वाकवली तर ल्युअर खोल जाते, खाली वाकवली तर पृष्ठभागाजवळ पोहते. प्लास्टिकची लिप मात्र वाकवू नये. ल्युअर एका बाजूला पळत असेल तर कडी अगदी थोडी विरुद्ध बाजूला वळवावी, आणि वजन भरल्यावर ही तपासणी पुन्हा करावी.

सांध्याकडेही लक्ष द्या. एकमेकांत अडकवलेल्या दोन कड्या खाऱ्या पाण्याने झिजतात, आणि स्वस्त प्लास्टिकच्या ल्युअरमध्ये त्या नुसत्या स्क्रूने बसवलेल्या असतात, आरपार तार नसते. स्क्रू हलत असेल तर तो काढून भोकात इपॉक्सी भरून पुन्हा बसवा. कड्या खूप सैल झाल्या असतील तर पकडीने किंचित आवळा, पण मागचा तुकडा स्वतःच्या वजनाने लोंबला पाहिजे.

फेकीचा प्रश्न वजनाने अर्धाच सुटतो, हेही सांगायला हवे. सांध्याचे ल्युअर हवेत दुमडून गिरक्या घेते, आणि झटका देऊन फेकले तर जास्तच घेते. ल्युअर रॉडच्या टोकापासून दोन-तीन फूट खाली सोडा, रॉड सावकाश मागे नेऊन एका लांब ओढीत फेका, आणि पाण्यावर पडण्याच्या क्षणभर आधी स्पूलवर बोट टेकवा, म्हणजे ल्युअर सरळ होऊन लाइनच्या पुढे पडेल.

पोलादी छरे, टंगस्टन वगैरे पर्याय आहेत, पण पोलाद शिशापेक्षा हलके असल्याने जागा जास्त घेते आणि टंगस्टन महाग पडते; फरक एवढाच. किनाऱ्यावर उभे असताना तात्पुरते वजन हवे असेल तर पोटाच्या गळाच्या दांड्यावर शिशाची तार गुंडाळा आणि घरी आल्यावर काढून टाका. कायमचे भरण्याआधी एखादा मोसम याच तारेवर काढला तरी हरकत नाही.

एक जोडी मात्र न भरता ठेवा. बार्नेगाट बेच्या आतल्या शांत, उथळ पाण्यात रात्री पृष्ठभागावर व्ही आकाराची रेघ ओढत येणारे तरंगते ल्युअर भरलेल्यापेक्षा जास्त कामाचे असते. खडकाळ तळावरही, उदाहरणार्थ न्यूयॉर्क राज्यातल्या मॉन्टॉकला, थांबल्यावर वर येणारे ल्युअर अडकत नाही. उलट इनलेटच्या तोंडाशी ओहोटीचा प्रवाह जोरात असताना तळ गाठायचा असेल तर सांध्याचे ल्युअर कितीही भरले तरी ते काम नीट करणार नाही, तिथे बकटेल जिगच (शिशाच्या डोक्याचा, हरणाच्या केसांचा गळ) हवा. न्यू जर्सीच्याच अटलांटिक सिटीत 1982 साली जेट्टीवरून रेबेल कंपनीच्या प्लास्टिकच्या ल्युअरवर 78 पौंड 8 औंसांचा स्ट्रायपर मिळाला होता आणि 2011 पर्यंत तो जागतिक विक्रम होता, तेव्हा हलक्या प्लास्टिकच्या ल्युअरला कमी लेखू नका.

आपल्या ठिकाणासाठी माझी सूचना अशी: किनाऱ्यालगतच्या वाळूच्या पहिल्या दांड्यापलीकडच्या खळग्यात, अंगावर येणाऱ्या लाटांत, वर सांगितल्याप्रमाणे भरलेले, सावकाश वर येणारे ल्युअर वापरा. पोटावर कायम टिकणाऱ्या शाईने किती ग्रॅम भरले ते लिहा, आणि पहिल्यांदा दिवसाउजेडी पायांजवळच्या पाण्यात ओढून मागचा तुकडा मोकळा वळतो का ते पाहा. वळत नसेल तर भोक पुन्हा उघडून दुरुस्त करणे फार कठीण जाते; तेव्हा पुढच्या ल्युअरमध्ये दोन ग्रॅम कमी भरा, आणि हे ल्युअर समोरून सोसाट्याचा वारा असेल त्या दिवसासाठी बाजूला ठेवा.