४२ लाख सांगितलेत, बोलायचं कितीला?

प्रश्न : जुळे सोलापुरात वरच्या मजल्यावरचा १२ वर्षांचा टू बीएचके पसंत पडला आहे. मालक ४२ लाख सांगतात. एजंट म्हणतो, ‘बसून बोलू, थोडं इकडं-तिकडं होईल.’ बसण्याआधी काय तयारी करावी? आणि कितीपासून बोलावं?
– एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : बसायची घाई करू नका. आधी टेप घेऊन घर मोजा. जाहिरातीत १,०५० फूट लिहिलेलं असलं तरी त्यात जिना आणि पॅसेजचा वाटा धरलेला असतो. कार्पेट, म्हणजे घराच्या आतली प्रत्यक्ष वापरायची जागा, कदाचित ७२० फूटच भरेल. तुलना नेहमी कार्पेटच्या दरानेच करा, नाहीतर शेजारच्या इमारतीचा ‘स्वस्त’ फ्लॅट प्रत्यक्षात महाग निघतो.

मग आजूबाजूला काय भावाने व्यवहार झालेत ते पाहा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये जिल्हा, गाव आणि सर्व्हे नंबर टाकला की नोंदलेल्या दस्तांचे इंडेक्स २, म्हणजे दस्ताचे नोंदणीतले सारांश, दिसतात. गावाच्या जागी वसाहतीचं बोलीतलं नाव टाकून शोधू नका. मालकाच्या जुन्या दस्तावर जे महसुली गाव आणि जो नंबर आहे तोच टाका. इंडेक्समध्ये मोबदला, बाजारभाव आणि क्षेत्रफळ तिन्ही असतं. मोबदला, म्हणजे दस्तात लिहिलेली किंमत, रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारी दरतक्त्याच्या, बाजारभावाला जवळपास चिकटलेलाच दिसला तर खरा व्यवहार त्याहून जास्त झालेला असू शकतो, म्हणून एका दस्तावर विसंबू नका. गेल्या दोन वर्षांतले तीन-चार बघा आणि त्याच सोसायटीतल्या एखाद्या नव्या मालकाला सरळ विचारा.

आता घराकडे. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे साठवण हा किमतीचाच भाग समजा. माणशी दिवसाला १३५ लिटर हा नेहमीचा हिशेब. पाच माणसांना चार दिवसांसाठी २,७०० लिटर लागतात. सोसायटीच्या हौदाच्या क्षमतेला फ्लॅटच्या संख्येने भागून आपल्या वाट्याला किती येतं ते काढा. बोअर आहे का आणि एप्रिल-मेमध्ये तो चालतो का, हे खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाला विचारा. उन्हाळ्यात टँकर किती लागले, हे त्यांना तोंडपाठ असतं.

भिंती दिवसाउजेडी बघा. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. पाया पुरेसा खोल नसेल तर दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. गिलाव्यावरची केसासारखी भेग रंगाच्या खर्चात जाते. पण भिंतीतून आरपार गेलेली, एका टोकाला रुंद होत गेलेली भेग असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय आकडा तोंडातून काढू नका. वरचा मजला आहे, म्हणून छताचे कोपरे आणि पंख्याच्या हुकाभोवतीची जागा नीट पाहा. तिथे पोपडे किंवा गंजाचे तांबूस डाग दिसले तर स्लॅबमध्ये पाणी मुरतंय. गच्ची सोसायटीची असते. वॉटरप्रूफिंगचा खर्च कोण करणार, हे सोसायटीकडून लेखी घ्या. घरातल्या दुरुस्तीचा मात्र मिस्त्रीकडून कागदावर अंदाज घ्या.

समजा, आसपासच्या दस्तांवरून कार्पेटला फुटामागे ५,२०० रुपये निघाले. ७२० फुटांचे ३७,४४,००० झाले. दुरुस्ती १,२०,००० ची. उरले ३६,२४,०००. ही तुमची खरी किंमत. सुरुवात ३५ लाखांपासून करा आणि हा हिशेब मालकांसमोर ठेवा. ‘आमचं बजेट नाही’ म्हटलं की मालक म्हणतात, मग दुसरं घर बघा. मिस्त्रीच्या अंदाजाचा कागद असला की बोलणं भेगेवर आणि फुटावर येतं. पुढची वाढ कमी-कमी ठेवा : ३५, मग ३५ लाख ७५ हजार, मग ३६ लाख १५ हजार. दरवेळी सरसकट लाख-लाख वाढवलेत तर समोरच्याला कळतं की अजून ताणता येईल.

व्यवहार इथे बहुतेक वेळा आपल्याच बोलण्याने बिघडतो. बँकेने किती कर्ज मंजूर केलंय हे एजंटला सांगू नका; त्याचं कमिशन किमतीवर ठरतं. घरच्यांनी मालकासमोर ‘देवघर अगदी इथंच’ म्हणून जागा ठरवू नये. आणि गुढीपाडव्याच्या आत वास्तुशांती करायची आहे हे तर बोलूच नका. तारीख तुमची अडचण झाली की किंमत मालकाच्या हातात गेली.

मालक आकड्यावर अडून बसले तर अटींवर या. मॉड्युलर किचन, सोलर हीटर, इन्व्हर्टर आणि पार्किंगची जागा दस्तात यावी, मिळकत कर, वीज बिल आणि सोसायटीची बाकी ताब्याच्या तारखेपर्यंत त्यांनी भरावी. सोसायटी हस्तांतर प्रीमियम मागत असेल तर महापालिका हद्दीत त्याची मर्यादा २५,००० रुपये आहे. तो कोण देणार हेही आत्ताच ठरवा. त्यांच्या कर्जाचा बोजा असेल तर बँकेचं शिल्लक रकमेचं पत्र मागवा आणि तेवढी रक्कम थेट त्या कर्जखात्यात भरा. घाई त्यांना असेल, तर महिन्यात खरेदीखत करण्याची तयारी हा तुमचा सगळ्यात मोठा मुद्दा आहे. बँकेचं पूर्वमंजुरीचं पत्र त्या वेळी दाखवा, मात्र कर्जाचा आकडा झाकून.

वरच्या खर्चाला पैसे वेगळे ठेवा. सोलापूर शहरात मुद्रांक ६ टक्के, म्हणजे ३६ लाखांवर २,१६,०००, आणि नोंदणी फी १ टक्का पण जास्तीत जास्त ३०,०००. घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात १ टक्का सवलत मिळते, इथे सरळ ३६,००० वाचतात. मुद्रांक आणि नोंदणीची रक्कम बँक साधारणपणे कर्जात धरत नाही.

प्रश्न : मालक म्हणतात, दस्त ३० लाखांचा करू, ६ लाख रोख द्या, तुमचाही मुद्रांक वाचेल. घ्यावं का?
– एक वाचक, होटगी रोड

उत्तर : नाही. घर-जमिनीच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. घेणाऱ्याला तेवढाच दंड बसू शकतो. हे मालकांना शांतपणे सांगा, अनेकदा विषय तिथेच मिटतो. तुमचं नुकसान वेगळंच आहे. बँक दस्ताची किंमत बघते, म्हणून कर्ज कमी मिळतं. व्यवहार मोडला तर सहा लाखांचा पुरावा तुमच्याकडे नसतो. पुढे घर विकाल तेव्हा नफा सहा लाखांनी फुगलेला दिसतो. मुद्रांकही वाचेलच असं नाही, कारण रेडी रेकनरची किंमत जास्त असेल तर मुद्रांक तिच्यावरच लागतो.

खरोखरच स्वस्तात मिळत असेल तरी रेडी रेकनर पाहा. सरकारी किंमत ४० लाख आणि व्यवहार ३५ लाखांचा झाला, तर पाच लाखांचा फरक व्यवहाराच्या १० टक्क्यांहून, म्हणजे साडेतीन लाखांहून, जास्त होतो आणि ते पाचही लाख तुमचं उत्पन्न धरून त्यावर आयकर लागतो. घासाघीस करताना खालची ही रेघ आधी काढून ठेवा.

प्रश्न : पूर्व भागात जुनं घर बघितलं आहे. थोरले भाऊ व्यवहार बोलतात, इसार लगेच मागतात. खाली एक भाडेकरूही आहे. काय करावं?
– एक वाचक, अशोक चौक

उत्तर : इसाराआधी सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक काढा. त्यावर वडिलांचंच नाव असेल तर सगळे वारस, लग्न झालेल्या बहिणींसकट, सही करणार आहेत का ते विचारा. बोलणी थोरल्यांशीच चालू द्या, पण एका बहिणीची सही राहिली तर तिचा हिस्सा तुम्ही घेतलेलाच नसतो. ज्यांना हिस्सा नको त्यांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं; घरातल्या कागदावरची सही चालत नाही. वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च, म्हणजे जुन्या दस्तनोंदींचा शोध, घ्या आणि स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस द्या.

‘भाडेकरूचं तुम्ही बघून घ्या, दोन लाख कमी करतो’ हे मान्य करू नका. भाडे नियंत्रण कायद्याखाली जागा रिकामी करून घ्यायला वर्षं जातात, दोन लाखांत ते भरून निघत नाही. रिकामा ताबा मिळाल्यावरच शेवटची रक्कम, ही अट साठेखतात, म्हणजे खरेदीखताआधीच्या करारात, घाला.

इसार द्यायचाच तर चेकने, थोडाच, आणि पावतीवर सगळ्या वारसांच्या सह्या घेऊन. पावतीत एवढं लिहून घ्या : ठरलेली किंमत, खरेदीखताची तारीख, आणि हक्कात दोष निघाला किंवा बँकेने कर्ज नाकारलं तर किती दिवसांत पूर्ण इसार परत.