खाडीकाठच्या आमच्या छोट्या गावात पूर्वी लाकडी गलबतं बांधली जायची. त्याची आठवण कशी जपावी?

नुसता फलक नको, एवढं कळकळीने सांगेन. आधी गावातल्या म्हाताऱ्या सुतारांना गाठा आणि त्यांचे हात चालताना व्हिडिओ काढा. कागदावर आराखडा न काढता नजरेने होडीचा बाक (वळण) धरणं, फळ्यांच्या सांध्यांत पटाशीने कापूस ठोकून बसवणं, वर राळ-तेल चोपडणं हे लिहून कळत नाही. कुठलं लाकूड कुठे वापरलं, तेही विचारा. सागाला खारं पाणी मानवतं, ते उगाच नाही.

जुनी होडी मिळाली तर चौथऱ्यावर उन्हात ठेवू नका. लाकूड सुकून सांधे उघडतात. खाडीलगत सावलीत, कौलारू मांडवाखाली ठेवा.

शाळेची मुलं विजयदुर्गला न्या. किल्ल्याजवळ वाघोटण खाडीत मराठा आरमाराची खडकात खोदलेली गोदी आहे. 1756 मध्ये मराठा आरमारप्रमुख तुळाजी आंग्र्यांचं आरमार विजयदुर्गाशी जळालं, पण बांधणारे हात खाडीखाडीला उरलेच होते. तुमचे सुतार त्याच परंपरेतले.

कार्यक्रम नारळी पौर्णिमेला ठेवा.